हवा ५ अंश, तरी वेण्णा लेकवर दव गोठलं कसं?

कंदीपेढा (सातारा):
मंडळी, एक घरगुती वाद मिटवायला मदत करा. परवा मेव्हण्यांना घेऊन महाबळेश्वरला गेलतो, पहाटे साडेपाचला वेण्णा लेकला पोचलो तर गवतावर, स्ट्रॉबेरीच्या वाफ्यांवर, उभ्या गाड्यांच्या टपावर सगळीकडं पांढरंशुभ्र, नखानं खरवडलं तर बर्फच. दरवर्षी पेपरात फोटो येतो अगदी तसं. पण गाडीच्या डिस्प्लेवर तापमान ५. मेव्हणं म्हणाले डिस्प्ले खराब आहे, पाणी शून्याला गोठतंय, पाचला कसं गोठेल. मी म्हटलं अहो हे दरवर्षीचंच आहे, वेधशाळेचा आकडा पण बऱ्याचदा शून्याच्या बराच वर असतो आणि तरी दव गोठलेलं असतं. केळघर घाट उतरेपर्यंत हेच, मेढ्यात चहाला थांबलो तरी हेच. आता तुम्हीच सांगा, हवा पाचची आणि गवत शून्याच्या खाली, असं होऊ शकतं का? माझं शिक्षण बीकॉम, त्या हिशोबानं सांगा.

शंकेखोर (कराड):
मेव्हणं निम्मे बरोबर आहेत. गाडीचा सेन्सर बंपरच्या मागं असतो, इंजिनच्या उबेनं एखादा अंश जास्त दाखवतो. दुसरं, थंड हवा जड, ती खोलगटात येऊन बसते आणि वेण्णा लेक खोलगटच आहे. विषय संपला.

कंदीपेढा:
संपला कसा? गाडीचा टप काय खोलगटात आहे का? बंपरच्या वरच असतोय की तो!

भट्टीवाला (कुपवाड):
मी एमआयडीसीत हीट ट्रीटमेंटला आहे, बावीस वर्षं झाली. आमच्याकडं तापमान बघायची इन्फ्रारेड गन असते, लांबून रोखायची, आकडा येतो. एकदा नाईट शिफ्टला गंमत म्हणून गच्चीवर जाऊन ती आभाळाकडं रोखली. डिसेंबर महिना, चांदणं पडलेलं, हवा चौदा-पंधरा अंश असेल. गननं दाखवलं उणे बावीस! मला वाटलं बिघडली. भिंतीवर रोखली, चौदा. परत आभाळावर, परत उणे. मग पावसाळ्यात ढग आलेले असताना रोखली तर सतरा-अठरा. म्हणजे गन ठीक होती, आभाळच थंड होतं. तुमच्या गाडीचा टप रात्रभर त्या उणे बावीसच्या तोंडाकडं बघत बसलेला, काय होणार त्याचं.

जुना_फळा (सांगली):
भट्टीवाल्यांनी एका प्रयोगात सांगितलं ते मला वर्गात दोन तास लागायचे. आता निवृत्त आहे, सवय जात नाही, लांबलं तर सोसून घ्या.

प्रत्येक वस्तू आपल्या तापमानाप्रमाणे प्रकाश टाकत असते. ५ अंश म्हणजे २७८ केल्विन, त्या तापमानाचं गवत चौरस मीटरला साधारण ३४० वॅट बाहेर फेकतं, फक्त तो प्रकाश दहा मायक्रॉनच्या आसपासचा, आपल्या डोळ्याला न दिसणारा. हवा, वाफ, कार्बन डायऑक्साइड हे पण वरून टाकतात, पण कोरड्या निरभ्र रात्री ते अडीचशेच्या आसपासच भरतं, कारण ८ ते १३ मायक्रॉनच्या पट्ट्यात हवा जवळपास पारदर्शक असते, तिथून गवताचा प्रकाश थेट अंतराळात जातो. म्हणजे दर चौरस मीटरला ऐंशी-नव्वद वॅटचा तोटा, रात्रभर. वारा असला तर हवा तो तोटा भरून काढते. वारा पडला की गवताची पात हवेपेक्षा गार होत जाते, आणि मग पातीला लागलेली हवा गार होते. आपण उलटं समजतो, की हवा गवताला गार करते. कराडकरांचं खोलगटाचं म्हणणं खरं आहे, पण ती थंड हवा मुळात गवतानं आणि जमिनीनंच गार केलेली.

हे नीट मांडलं लंडनच्या विल्यम वेल्स नावाच्या डॉक्टरनी, १८१४ साली दवावर आख्खा निबंध लिहून. लोकरीचे सारख्या वजनाचे पुंजके फळीच्या वर आणि फळीच्या खाली ठेवायचे, सकाळी वजन करायचे. आभाळ दिसणारा पुंजका जास्त भिजायचा. आणि त्याच्याही आधी आपल्याकडचे लोक ह्याच युक्तीनं बर्फ करत होते! रॉबर्ट बार्कर यांनी अलाहाबादकडची पद्धत १७७५ साली लिहून ठेवलीय: उथळ खड्डे, तळाला उसाची चिपाडं नाहीतर मक्याची वाळलेली ताटं पसरायची, त्यावर मातीची परळं, त्यात पाणी. हवा शून्याच्या वर असतानाही पहाटे बर्फाचा पापुद्रा. खालून चिपाडं जमिनीची ऊब अडवतात, वरून आभाळ उघडं.

हळकुंड (तासगाव):
उसाची चिपाडं! म्हणजे आपल्याकडं कच्चा माल रग्गड आहे, नुसती थंडी आयात करावी लागंल.
सर एक विचारतो, थंडी वाढली की द्राक्षबागेत पहाटे शेकोट्या करून धूर करतात, तो धूर आभाळ झाकायला का?

जुना_फळा:
हेतू तोच असतो, पण धुराचे कण फार बारीक, दहा मायक्रॉनच्या प्रकाशाला ते फारसे अडवत नाहीत. शेकोटीची ऊब आणि तिच्यामुळं वरची गरम हवा खाली ढवळली जाते, फायदा होतो तो त्याचा. ढग किंवा दाट धुकं मात्र खरंच अडवतं, पाण्याचा थेंब त्या प्रकाशाला काळा असतो.

शंकेखोर:
बरं, मान्य. पण मग मला दुसरीच शंका आली. दिवसभर सूर्याकडून घेतलं आणि रात्रंदिवस तेवढंच आभाळात टाकून दिलं, तर आपल्या हातात राहिलं काय? शाळेत शिकवतात सूर्य ऊर्जा देतो म्हणून सगळं चालतं. जमा-खर्च सारखाच असेल तर कसलं चालतंय?

जुना_फळा:
चाळीस वर्षांत हा प्रश्न मला तीनच पोरांनी विचारला असेल. पृथ्वी सरासरी चौरस मीटरला २४० वॅट शोषते आणि जवळपास तेवढेच बाहेर टाकते. ऊर्जा राहत नाही. फरक पडतो तो प्रतीत, म्हणजे एन्ट्रॉपीत (ऊर्जा किती विखुरलीय त्याचं माप). सूर्याचा पृष्ठभाग ५७७० केल्विनचा, पृथ्वी वरून बघितली तर सरासरी २५५ केल्विनची. फोटॉनची, म्हणजे प्रकाशाच्या कणाची, सरासरी ऊर्जा तापमानाच्या प्रमाणात असते, म्हणजे सूर्याकडून एक फोटॉन आला तर आपण तेवढ्याच ऊर्जेत बावीसएक फोटॉन परत पाठवतो. पाचशेची नोट घ्यायची आणि चिल्लर परत द्यायची. रक्कम तीच. आलेले सगळे एकाच दिशेनं, सूर्याच्या अर्ध्या अंशाच्या टिकलीतून, जाणारे दाही दिशांना.

शंकेखोर:
उदाहरण लंगडं आहे सर. चिल्लर गोळा करून बँकेत परत पाचशेची नोट मिळते. एसटीचा कंडक्टर तर चिल्लर दिली तर आशीर्वाद देईल.
आणि आणखी एक, जमा-खर्च अगदी सारखा नाही हल्ली, चौरस मीटरला एखादा वॅट मागं राहतोय, म्हणून तर तापमान वाढतंय.

जुना_फळा:
दोन्ही मुद्दे कबूल. चिल्लरची नोट होत नाही हाच तर थर्मोडायनॅमिक्सचा दुसरा नियम, तिथं उदाहरण तुटतं, तुटू दे. आकडेच घ्या सरळ. रेडिएशनची एन्ट्रॉपी म्हणजे ऊर्जा भागिले तापमान, गुणिले ४/३. २४० वॅटला सूर्याकडून येणारी ०.०५५ भरते आणि जाणारी १.२५, वॅट प्रति केल्विन, दर चौरस मीटरला. मधल्या फरकात ऊस वाढतो, पाऊस पडतो, कोयनेत पाणी साठतं. म्हणून मी पोरांना सांगायचो, सूर्याइतकंच काळं आभाळ महत्त्वाचं. सगळं आभाळ सूर्याइतकं तापलेलं असतं तर प्रकाश भरपूर असता आणि काम शून्य झालं असतं.

थर्डइयर_मेकॅनिकल (सातारा):
सर सॉरी पण हे ४/३ कुठून आणलं? आम्हाला थर्मोमध्ये एन्ट्रॉपी म्हणजे क्यू बाय टी. २४० वॅट उष्णता २५५ केल्विनला गेली तर २४० भागिले २५५, झालं. ४/३ लावला तर आमचे सर शून्य देतील.

शंकेखोर:
हा पोरगा मला आवडला.

जुना_फळा:
तुमचे सर शून्य देणार नाहीत, फार तर चहाला बोलावतील. नीट बघू.

भट्टीसारखी एक बंद पोकळी घ्या, आत फक्त प्रकाश. त्या प्रकाशाला दाब असतो, ऊर्जेच्या घनतेच्या बरोबर एक तृतीयांश. इटलीचे बार्तोली १८७६ मध्ये ह्याच वाटेनं गेले होते: आरसे सरकवून थंड पोकळीतला प्रकाश गरम पोकळीत ढकलता येतो, मग दुसरा नियम वाचवायचा असेल तर तो ढकलायला काम लागलंच पाहिजे, म्हणजे प्रकाशाला दाब पाहिजेच. बोल्ट्झमननी १८८४ मध्ये तो दाब घेऊन तापमानाच्या चौथ्या घाताचा नियम काढून दाखवला, जो स्टेफान यांना १८७९ मध्ये प्रयोगांच्या आकड्यांवरून सापडला होता. आता फोटॉनची संख्या टिकत नाही, भिंत वाटेल तेवढे करते आणि गिळते, म्हणून गिब्ज ऊर्जा (ऊर्जा अधिक दाब गुणिले आकारमान, उणे तापमान गुणिले एन्ट्रॉपी) शून्य. म्हणजे ऊर्जा अधिक दाब गुणिले आकारमान बरोबर तापमान गुणिले एन्ट्रॉपी. डावीकडं एक अधिक एक तृतीयांश. हे झाले चार तृतीयांश.

थर्डइयर_मेकॅनिकल:
ओके हे पटलं. पण मग जमिनीनं गमावली क्यू बाय टी आणि प्रकाश घेऊन गेला त्याच्या ४/३ पट. वरचा १/३ कुठून आला??

जुना_फळा:
तयार झाला! निघताना जन्माला आला. गरम वस्तू रिकाम्या काळ्या आभाळात प्रकाश ओतते तेव्हा ती क्रिया उलट फिरवता येत नाही, गॅस व्हॅक्यूममध्ये सोडल्यासारखं. समोर जवळपास तेवढ्याच तापमानाची भिंत असती तर भिंत पण परत टाकत असते, निव्वळ एन्ट्रॉपी म्हणजे ४/३ गुणिले दोन तापमानांच्या घनांचा फरक, निव्वळ ऊर्जा म्हणजे चौथ्या घातांचा फरक. तापमानं अगदी जवळ आणा, दोन्हीचं गणित वहीत करा, तुमचं क्यू बाय टी तंतोतंत हातात येतं. म्हणजे पुस्तकातलं सूत्र चुकीचं नाही, ते हळूहळू आणि उलटता येणाऱ्या देवाणघेवाणीचं आहे.

थर्डइयर_मेकॅनिकल:
केलं. आलं. चार टी स्क्वेअर दोन्हीकडं. च्यायला भारीच.

भट्टीवाला:
बंद पोकळीवरून एक सांगतो. भट्टी पूर्ण सोक झाली, आत सगळीकडं सारखं तापमान झालं की बारीक भोकातून आत बघितलं तर काही दिसत नाही. म्हणजे उजेड भगभगीत, पण आतला जॉब (तापवायला ठेवलेला भाग), ट्रे, विटांच्या सांधी, सगळं एकाच रंगात विरघळून जातं. नवीन पोरं घाबरतात, म्हणतात जॉब वितळला की काय. दार किलकिलं केलं, थोडं गार झालं की परत कडा दिसायला लागतात. आमचा जुना फोरमन म्हणायचा, सांधी दिसत्यात तोवर सोक झालं नाही.

जुना_फळा:
तुमच्या फोरमनला मनापासून नमस्कार. किर्कहॉफनी १८६० च्या सुमारास हेच सिद्ध केलं, की समतोलातल्या पोकळीतला प्रकाश भिंत कशाची आहे हे विसरतो, फक्त तापमान लक्षात ठेवतो. ओळख पुसली जाणं म्हणजेच एन्ट्रॉपी कमाल. बर्लिनला ह्याच पोकळीच्या भोकातून येणारा प्रकाश मोजता मोजता क्वांटम जन्मलं. तिथं हे मोजणारे रुबेन्स ऑक्टोबर १९०० मध्ये एका रविवारी भौतिकशास्त्रज्ञ प्लांकच्या घरी गेले, लांब तरंगांचे नवे आकडे सांगितले, आणि प्लांकनी दोन जुन्या सूत्रांना जोड दिली. बऱ्याच पुस्तकांत ही जोड वक्र जुळवल्यासारखी सांगतात, पण त्यांनी ती दिली एन्ट्रॉपीच्या सूत्रात, कारण ते आयुष्यभर एन्ट्रॉपीवाले माणूस. १९ ऑक्टोबरला सूत्र मांडलं, १४ डिसेंबरला कारण.

पुढं आइन्स्टाइननी १९०५ मध्ये बघितलं की जास्त कंपनसंख्येच्या विरळ प्रकाशाची एन्ट्रॉपी, डबा लहान-मोठा केला तर, बरोबर गॅसच्या रेणूंसारखी बदलते. त्यावरून ते म्हणाले की प्रकाश दाण्यादाण्यांचा असल्यासारखा वागतो. फोटोइलेक्ट्रिकचं उदाहरण त्याच लेखात पुढं येतं, आपण मात्र शाळेत तेवढंच शिकवतो. आणि ते दाणे मोजायचे कसे हे १९२४ मध्ये ढाक्याहून सत्येंद्रनाथ बोस यांनी सांगितलं.

कंदीपेढा:
मी दव विचारलं होतं 😄 पण चालू द्या, मेव्हणं पण वाचतायत. माझा पोरगा नववीत आहे, त्याचा प्रश्न: भिंगानं कागद जळतो, मग डोंगराएवढं भिंग केलं तर सूर्यापेक्षा जास्त तापमान मिळेल का? तो दहा हजार अंश म्हणतोय.

जुना_फळा:
त्याला म्हणावं, भिंगाच्या बिंदूवर एक मुंगी बसव आणि तिच्या डोळ्यानं वर बघ. भिंग नसताना तिला सूर्य टिकलीएवढा दिसतो. भिंग जितकं चांगलं तितका सूर्य मोठा दिसतो, भिंग टिकली फुगवतं, टिकलीची झळाळी वाढवत नाही. सगळ्यात भारी भिंग म्हणजे वरचं अख्खं आभाळ सूर्यानं भरलं. ह्याच्या पलीकडं भरायला जागाच नाही. अशी जास्तीत जास्त वाढ ४६,२०० पट येते. वातावरणाबाहेर ऊन १३६१ वॅट, गुणाकार केला तर सुमारे ६ कोटी ३० लाख वॅट, आणि ५७७० केल्विनचा पृष्ठभाग चौरस मीटरला तेवढंच टाकतो. म्हणजे सूर्याएवढं होता येतं, वर जाता येत नाही. गेलं असतं तर थंडाकडून गरमाकडं उष्णता फुकटात गेली असती.

थर्डइयर_मेकॅनिकल:
मग लेझर? लेझरचं मशीन हाताला गार असतं आणि स्टीलची प्लेट कापते.

भट्टीवाला:
गार कुठलं, चिलर लावावा लागतोय भावा. आमच्या शेजारच्या युनिटला विचार वीजबिल.

जुना_फळा:
भट्टीवाल्यांनी उत्तर दिलंच. लेझरचे फोटॉन सगळे एका सुरात, एका दिशेनं, त्यांना एन्ट्रॉपी जवळपास नसते, तो उष्णतेपेक्षा कामाच्या जवळचा. त्याची किंमत चिलरमधून बाहेर पडणाऱ्या कचरा-उष्णतेत मोजली जाते. ह्याची उलटी बाजू मला जास्त आवडते: लेझर टाकून वस्तू गार करता येते. १९२९ मध्ये प्रिंग्सहाइम यांनी ही कल्पना मांडली (हे पीटर, बर्लिनला भट्टीचा प्रकाश मोजणारे प्रिंग्सहाइम वेगळे). रशियन भौतिकशास्त्रज्ञ वाविलोव्ह म्हणाले अशक्य, दुसरा नियम मोडतो. १९४६ मध्ये त्यांच्याच देशाच्या लांडाउनी हिशोब करून दाखवला की आत जाणारा प्रकाश शिस्तीत, बाहेर येणारा विखुरलेला, ती विखुरण्याची एन्ट्रॉपीच वस्तूतली उष्णता उचलून नेते, नियम शाबूत. १९९५ मध्ये लॉस अलामॉसला यटर्बियम घातलेली काच खरोखर गार केली, पहिल्यांदा ०.३ अंशानं. वाविलोव्हसारखे शंकेखोर असले की गणित नीट होतं, कराडकरांनी वाईट वाटून घेऊ नये.

हळकुंड:
घरावर सोलर बसवलंय. पॅनेलवर २१ टक्के लिहिलंय. उरलेलं ह्या एन्ट्रॉपीनं खाल्लं म्हणायचं का?

जुना_फळा:
नाही हो, तिच्या नावावर सगळं घालू नका. नुसता एन्ट्रॉपीचा हिशोब केला तर उन्हातून ९३ टक्क्यांपर्यंत काम निघू शकतं, त्याला लँड्सबर्ग मर्यादा म्हणतात. एका थराच्या सेलची मर्यादा मात्र ३३ च्या आसपास, १९६१ मध्ये शॉक्ले आणि क्वाइसर यांनी त्या वाटेचा हिशोब दिला. सिलिकॉनला लागते त्यापेक्षा कमी ऊर्जेचे फोटॉन तसेच निसटतात, जास्त ऊर्जेच्या फोटॉनचं जास्तीचं पॅनेल तापवण्यात जातं. तुमचे २१ म्हणजे बरे आहेत. एप्रिलमध्ये पॅनेल तापलं की कमी होतील.

कंदीपेढा:
मंडळी, चार दिवसांनी आलोय, कारण प्रयोग केला. गच्चीवर कडबा पसरला, त्यावर दोन ताटं, दोन्हीत बोटभर पाणी. एक उघडं, दुसरं पत्र्याच्या शेडखाली. पहाटे पाचला हवा १३. शेडखालचं पाणी १२, उघड्यातलं साडेआठ!! बर्फ नाही झाला, सातारा काय महाबळेश्वर नाही, पण साडेआठ बघून मीच गार पडलो.

शंकेखोर:
बाष्पीभवन. पाणी उडतं तसं गार होतं, माठासारखं. वरून काच ठेवून बघा.

जुना_फळा:
शंका रास्त, उपाय चुकीचा. काच त्या दहा मायक्रॉनच्या प्रकाशाला अपारदर्शक असते, ती पत्र्यासारखीच वागायला बघेल. पातळ पारदर्शक पॉलिथिन ताणून बांधा, त्यातून तो प्रकाश बराचसा आरपार जातो, वाफ मात्र अडते.

कंदीपेढा:
केलं. काल रात्री दोन्ही ताटांना पॉलिथिन बांधलं, बायको म्हणाली आता शेजारी विचारायला लागलेत. हवा परत १३. शेडखाली १२.५, उघड्यावर साडेनऊ. म्हणजे थोडा वाटा बाष्पीभवनाचा होता, शंकेखोर साहेबांना तेवढे गुण, बाकीचं आभाळानं नेलं.
मेव्हण्यांना थर्मामीटरसकट फोटो पाठवला. त्यांनी विचारलंय, थर्मामीटर बरोबर आहे कशावरून?

भट्टीवाला:
बर्फ घातलेल्या पाण्यात बुडवा, शून्य दाखवला पाहिजे. नाही दाखवला तर रविवारी मी गन घेऊन येतो, पेढे काढून ठेवा.